पदावरची ती बारीक ओळ : नाट्यपदे नेमकी कोणाची?

आजचा धागा मराठी नाट्यपदांविषयी आहे, आणि त्याचा आरंभ माझ्या एका चुकीपासून होतो.

दोन वर्षांपूर्वी हिंगोलीत एका छोट्या गायनाच्या कार्यक्रमाचे निवेदन माझ्याकडे होते. ‘एकच प्याला’तील एका पदाची ओळख करून देताना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “राम गणेश गडकरी यांची ही अजरामर रचना.” मध्यंतरात पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत माझ्यापाशी आले. “पोरा, नाटक गडकऱ्याचं हाय. पद नाई. पद गुर्जराचं हाय.” एवढे बोलून ते चहाच्या टेबलाकडे गेले.

इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलाला असे कोणी सुनावले की त्याला झोप येत नाही. घरी येऊन शोधले. आजोबा बरोबर होते. ‘एकच प्याला’ची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत.

गंमत पाहा. गडकरी स्वतः कवी. ‘गोविंदाग्रज’ या नावाने त्यांनी लिहिलेली कविता अजूनही अभ्यासक्रमांत आहे. तरीही त्यांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकातली पदे दुसऱ्याने रचली. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. आपले नाटक रंगमंचावर गाताना लेखकाने कधी ऐकलेच नाही.

आणि चाली? येथे प्रकरण अधिक गुंतते. या नाटकाच्या चालींमागे पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांचा हात होता. गझल, कजरी, दादरा या ढंगांची उत्तम जाण असलेली ही गायिका. बालगंधर्वांना तिने चाली दिल्या, गळ्यावर चढवूनही दिल्या. १९३९ मधील प्रभातचा ‘माणूस’ पाहिला असेल, तर नायकाच्या आईच्या भूमिकेत तुम्ही सुंदराबाईंना पाहिलेही आहे. ही बाई मराठी रंगभूमीवरील इतक्या लोकप्रिय चालींच्या मुळाशी आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

म्हणजे हिशेब असा झाला : कथा गडकऱ्यांची, शब्द गुर्जरांचे, चाली सुंदराबाईंच्या आणि त्यांच्याही आधीच्या अनाम गायकांच्या, गळा बालगंधर्वांचा. आणि आपण म्हणतो काय, तर “बालगंधर्वांचे पद”. फारच जाणकार असलो तर “गडकऱ्यांचे”, माझ्यासारखे!

हे असे का झाले, हा आजच्या धाग्याचा प्रश्न. उत्तर शोधण्यासाठी थोडा वेळ सातासमुद्रापलीकडे जाऊ.

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे हा नाट्यगृहांचा रस्ता. आपल्याकडे संगीत नाटकाचा सुवर्णकाळ चालू होता, त्याच दशकांत तेथेही संगीतिका बहरत होत्या. पण त्या गाण्यांविषयी बोलताना अमेरिकन रसिक आधी रचनाकारांची नावे घेतो : जेरोम कर्न, अर्व्हिंग बर्लिन, गर्श्विन बंधू, कोल पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, रॉजर्स आणि हॅमरस्टाइन. गायक बदलत राहतात, पण गाणे ‘गर्श्विनचे’च राहते.

एक योगायोग मला विशेष बोलका वाटतो. अर्व्हिंग बर्लिन आणि बालगंधर्व दोघेही १८८८ सालचे. बर्लिन मे महिन्यातला, नारायण श्रीपाद राजहंस जून महिन्यातले. बर्लिनला स्वरलेखन येत नव्हते. तो पियानोवर प्रामुख्याने काळ्या पट्ट्यांच्या आधारे एकाच स्वरात वाजवी, आणि चाल कागदावर उतरवायला पगारी लेखनिक ठेवी. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही पेटीवाल्यापेक्षा त्याचे संगीताचे ‘शिक्षण’ अधिक नव्हते. परंतु त्याची चाल कागदावर उतरत होती. तो कागद छापला जात होता, दुकानात विकला जात होता, आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव असे. पुढे त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, १९२१ मध्ये स्वतःचे नाट्यगृहही उभारले. बालगंधर्वांची अखेरची वर्षे कशी गेली, हे या धाग्याच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या कागदाला कायद्याचेही बळ मिळाले. १९१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रचनाकार आणि प्रकाशक यांचा ‘अ‍ॅस्कॅप’ हा संघ स्थापन झाला. १९१७ मध्ये संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट यांच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उपाहारगृहात ग्राहकांसाठी गाणे वाजवले तरी रचनाकाराला मोबदला दिला पाहिजे. त्यासाठी तिकीट लावले नसले तरी! ज्याच्या नावावर पैसा जमा होतो, त्याचे नाव विसरले जात नाही. हे वाक्य जरा कडवट आहे, पण इतिहासात ते वारंवार खरे ठरते.

आता परत पुण्याला येऊ. ३१ ऑक्टोबर १८८०, आनंदोद्भव नाट्यगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तोही पहिल्या चारच अंकांचा. त्याआधी १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले होते. त्यात गाणे होते, पण ते सूत्रधाराकडे. पात्रांनीच गायचे, ही वाट सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी किर्लोस्करांच्या थोडे आधी चोखाळली होती. ती राजमार्ग झाली ती मात्र किर्लोस्करांमुळे.

किर्लोस्कर हे सर्व एकहाती करीत. संवाद त्यांचे, पदे त्यांची, चालींची निवड त्यांची, आणि भूमिकाही. पण ‘चालींची निवड’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. ते नवी चाल ‘बांधत’ नसत, असलेली चाल ‘घेत’. कीर्तनातली साकी-दिंडी, कर्नाटकी पदे, लावणी, बायकांची गाणी, जे जे कानांवर पडलेले ते ते त्यांनी शाकुंतल आणि १८८२ च्या ‘सौभद्रा’त ओतले. प्रेक्षकाला चाल आधीच परिचित. शब्द तेवढे नवे. प्रयोग संपवून घरी जाताना लोक पदे गुणगुणत गेले, यात मग नवल ते काय?

येथे ती बारीक ओळ येते.

आमच्या घरी ‘सौभद्रा’ची एक जुनी प्रत आहे. मुखपृष्ठ गळून पडले आहे, शेवटची चार पाने वाळवीने खाल्ली आहेत. लहानपणी मी ती केवळ संवादांसाठी वाचली. आता त्या आजोबांच्या बोलण्यानंतर पुन्हा उघडली, आणि प्रथमच प्रत्येक पदाच्या डोक्यावरची ओळ नीट वाचली. राग अमुक, ताल अमुक, आणि मग ‘चाल’ हा शब्द, त्यापुढे एखाद्या जुन्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कोठे हिंदी ठुमरीचे, कोठे कानडी पदाचे, कोठे लावणीचे.

ती ओळ गायकासाठी होती : ‘हे पद त्या चालीवर म्हण.’ इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र ती जबानी आहे. १८८० च्या आसपास मराठी माणसाच्या कानांवर काय काय पडत होते, कोणत्या गाण्याचे दोन शब्द छापले की सगळ्यांना पुरे होत असे, याचा तो पुरावा आहे. आणि तो ऋणनिर्देशही आहे. लेखक छापील शब्दांत सांगतो आहे की, ही चाल माझी नाही, मी ती येथून घेतली. उसनवारीचा आरोप करणाऱ्यांनी ही ओळ एकदा पाहावी. इतका प्रामाणिकपणा आजच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सापडणे कठीण.

मात्र या ओळीत एक उणीव आहे. तिच्यात चालीचा पत्ता आहे, माणसाचे नाव नाही. ठुमरी आहे, ती बांधणारी वा गाणारी बाई नाही.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीही पदे स्वतःच रचली. १८९९ च्या ‘शारदा’तील पदे आजही अंगावर येतात, कारण त्यांतले शब्द घरातल्या बोलीचे आहेत. (कंसातली गोष्ट : १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, म्हणून तो या नाटकावरून आला असे पुष्कळांना वाटते. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांचे आहे. परीक्षेत हे लिहून गुण घालवू नका.)

वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनय’पासून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चटकदार चाली आणल्या. त्या चालींच्या वळणांत मराठी शब्द बसवताना पुष्कळ ओढाताण झाली, आणि अर्थ मागे पडला. मला स्वतःला कोल्हटकरांचे विनोदी लेख त्यांच्या पदांपेक्षा कितीतरी अधिक आवडतात.

खरा पालट घडला १२ मार्च १९११ रोजी, मुंबईत, ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगात. त्या दिवसाची एक गोष्ट सर्वांना तोंडपाठ असते : बालगंधर्वांची लहान मुलगी त्याच दिवशी वारली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट घडली. नाटककार एक आणि चाली देणारा दुसरा, अशी स्पष्ट विभागणी झाली. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे कोल्हापूरच्या वातावरणात वाढलेले पेटीवादक, ठुमरी-दादऱ्याचे मर्मज्ञ. त्यांनी पूरब ढंगाची ती नजाकत ‘मानापमाना’त आणली, आणि खाडिलकरांनी शब्द त्या चालींवर बेतले.

शब्द आधी की चाल आधी, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण गाण्यावर सत्ता कोणाची, हे त्यावरून कळते. ब्रॉडवेवर रिचर्ड रॉजर्स हा संगीतकार लॉरेन्झ हार्टबरोबर काम करीत असताना बहुधा चाल आधी होई, शब्द नंतर. पुढे ऑस्कर हॅमरस्टाइनबरोबर क्रम उलटला : शब्द आधी हातात येत, मग रॉजर्स पियानोपाशी बसे. १९४३ च्या ‘ओक्लाहोमा!’ पासून गाणी कथानकात इतकी मिसळून गेली, त्याचे एक कारण हा उलटलेला क्रम आहे. पात्राला काय म्हणायचे आहे ते आधी ठरले, मग सूर आले.

आपल्याकडे तो क्रम दीर्घकाळ उलटला नाही. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले यांनी अनेक पदांना थेट ख्यालांच्या बंदिशींचा साज दिला. भास्करबुवा बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेले. म्हणजे रुक्मिणी जेव्हा रंगमंचावर श्रीकृष्णाविषयी गाते, तेव्हा तिच्या कंठात या खाँसाहेबांची विद्या आहे. हे मला संगीत नाटकाचे सर्वांत मोठे सामाजिक कार्य वाटते. जी गायकी दरबारांत आणि मोजक्या बैठकांत होती, ती तिकीट काढून आलेल्या कारकुनाच्या, शाळामास्तराच्या कानांत जाऊन बसली. आणि त्या कारकुनाने घरी जाऊन नाव घेतले ते नारायणरावांचे.

यात नारायणरावांचा दोष नाही. दोन-दोन, तीन-तीन ‘वन्स मोअर’ घेऊन प्रत्येक वेळी पद नव्याने मांडणारा गायक हा देखील एक प्रकारचा रचनाकारच असतो. त्यातच ध्वनिमुद्रिका आल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची जागा. तिच्या मधल्या वर्तुळाकार कागदावर तर त्याहूनही कमी. गायकाचे नाव हवेच, कारण तबकडी त्याच नावावर खपायची. शब्दांचा आणि चालींचा मालक मग कोठे बसणार?

अमेरिकेतही सगळे आलबेल होते असे नव्हे. कर्न आणि हॅमरस्टाइन यांच्या १९२७ च्या ‘शो बोट’मधील नदीवरच्या त्या प्रसिद्ध गाण्याची एक आख्यायिका सांगतात. मेजवानीत कोणी म्हणाले की, ते गाणे कर्नने लिहिले. त्यावर हॅमरस्टाइनची पत्नी उद्गारली, “ते माझ्या नवऱ्याने लिहिले, कर्नने फक्त दम-दम-दम-दम लिहिले!” आख्यायिका खरी असो वा रचलेली, भांडण खरे आहे. आणि कृष्णवर्णीय संगीतकारांकडून ब्रॉडवेने जे लय-ताल उचलले, त्यांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कोणी ओळ छापली नाही. त्या बाबतीत आमचे जीर्ण ‘सौभद्र’ अधिक प्रामाणिक ठरते.

आता थोडे माझ्या मुलखाविषयी, कारण उत्तराचा एक धागा येथे आहे. हिंगोलीपासून जवळच नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून त्याला ‘नर्सी नामदेव’ म्हणतात. अभंगाची एक रीत असते. शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो. तिला नाममुद्रा म्हणतात. अभंग कोणीही गावा, कोणत्याही चालीत गावा, शेवटाशी आले की ‘नामा’ हे नाव उच्चारावेच लागते. छापखाना नव्हता, कायदा नव्हता. तरी सातशे वर्षे कवीचे नाव गाणाऱ्याच्याच तोंडून टिकून राहिले.

(तक्रार येण्याआधीच सांगतो : मुद्राही निर्दोष नाही. पुढच्या काळातील विष्णुदासनामा आणि इतरांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, आणि अभ्यासक अजून त्या निवडत बसले आहेत.)

शाहिरांनीही मुद्रा सोडली नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातील होनाजी-बाळा ही जोडी आठवा. होनाजी कवने रचणारा, बाळा गाणारा, आणि लावणीच्या शेवटी नावे दोघांची. रॉजर्स-हॅमरस्टाइनच्या शंभर वर्षे आधी रचनाकार आणि गायक यांचे हे जोडनाव आपल्याकडे होते!

मग नाट्यपदात मुद्रा का नाही? कारण साधे आहे. पद पात्राच्या तोंडी असते. सुभद्रा आपले दुःख सांगत असताना शेवटच्या ओळीत ‘किर्लोस्कर म्हणे’ कसे येणार? पात्र खरे वाटावे म्हणून कवीने स्वतःला पुसून टाकले. ही कलेची गरज होती. पण तिची किंमत गुर्जरांसारख्यांनी मोजली. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ नाटकात बालगंधर्वांनी संत कान्होपात्रेचे अभंग गायले, तेव्हा मात्र कवयित्रीचे नाव प्रत्येक प्रयोगात उच्चारले गेले, कारण येथे पात्र आणि कवयित्री एकच होती.

चालीचे तर त्याहून अवघड. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील मूळ व्याख्येनुसार संगीतकृती ही छापलेली वा लिहून काढलेली असणे आवश्यक होते. केवळ गळ्यात असलेली चाल कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. ही व्याख्या बदलली १९९४ मध्ये. सुंदराबाई तोवर केव्हाच गेल्या होत्या.

संगीतकाराचे नाव पडद्याआडून पुढे यायला मराठी रंगभूमीवर बराच काळ जावा लागला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’साठी केशवराव भोळे यांनी आटोपशीर, प्रसंगाला धरून असलेली गाणी दिली. पण साठच्या दशकात गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या जितेंद्र अभिषेकींनी चित्र खरोखर पालटले. ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांतील पदांविषयी बोलताना रसिक ‘अभिषेकींची चाल’ असे स्वच्छपणे म्हणतात. त्याच वेळी ‘कट्यार’चे शब्द नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, हे मात्र पुन्हा निसटते. एकाला उजेड मिळाला की दुसऱ्यावर सावली पडतेच, असे दिसते.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मागच्या वर्षी गावच्या सप्ताहात बसलो होतो. रात्रीचे भजन रंगात आलेले. नामदेवांचा अभंग चालू झाला आणि मी दचकलो. चाल एका जुन्या नाट्यपदाची होती. भजनी मंडळी ही देवाणघेवाण फार पूर्वीपासून करीत आली आहेत. शेवटच्या चरणात नामदेवांचे नाव आले, टाळ वाढले, अभंग संपला. पेटी वाजवणाऱ्या काकांना नंतर विचारले, “काका, ही चाल कुणाची?” ते भाता बंद करीत म्हणाले, “आमच्या बुवांची. त्यायनीच बसवून देल्ती.”

तुमच्या घरी, गावच्या वाचनालयात जुन्या संगीत नाटकांची पुस्तके असतील, तर पदांवरच्या त्या बारीक ओळींची छायाचित्रे काढून खाली टाका. नाटकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष तेवढे लिहा. ‘सौभद्रा’पासून सुरुवात करू, माझ्या प्रतीची शेवटची चार पाने मला अजून हवीच आहेत.